शिडाच्या बोटीवर कंपोस्टिंग टॉयलेट: बसवण्यापासून रिकामं करण्यापर्यंत

बोटीवरच्या कंपोस्टिंग टॉयलेटच्या टाकीत कंपोस्ट तयार होत नाही. नाव तसं असलं तरी तिथे खरं काम चालतं ते सुकवण्याचं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण वैतागून हे टॉयलेट काढून टाकणारी जी माणसं मला भेटली, त्यातली बरीचशी त्याला खतखड्ड्यासारखं वागवत होती. भाज्यांची सालं टाकायची, पाणी शिंपडायचं, कुजायला मदत करायची. खऱ्या खतासाठी मोठा ढीग लागतो, तो आतून ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो आणि पुढे महिनोन्‌महिने मुरावा लागतो. स्वीडनच्या रिकार्ड लिंडस्ट्रॉम यांनी १९३९ साली बनवलेल्या ‘क्लिव्हस मल्ट्रम’ची टाकी घराच्या तळघरात बसणारी, आणि तिच्यातला माल वर्षानुवर्षं मुरणारा. बोटीवर आपल्याकडे असते बादलीएवढी टाकी आणि हातात असतात तीन-चार आठवडे. तेवढ्यात साधतं ते इतकंच: मैल्यातला ओलावा उडवायचा, मैला कोरड्या भुशात घोळवायचा आणि हवा खेळती ठेवायची.

वास कुठून येतो तेही समजून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरियाला विष्ठेतले जिवाणू भेटले की त्यांच्याकडचं युरिएज हे विकर युरिया फोडतं आणि अमोनिया सुटतो. शिवाय लघवीने मैला भिजला की त्यात हवा शिरत नाही, हवेविना जगणारे जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून भांड्याचे दोन भाग असतात: पुढच्या भागातली लघवी भोकांमधून बाटलीत जाते आणि मागच्या झडपेतून मैला टाकीत पडतो. कोरड्या मातीने वास मरतो हे तर फार आधीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमधले पाद्री हेन्री मूल यांनी १८६० साली मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं ते याच अनुभवावर.

घ्यावं की नाही

नेहमीच्या पंपाच्या टॉयलेटला बोटीच्या तळाला भोक लागतं, त्यावर सी-कॉक (ते भोक उघड-बंद करणारा नळ), पुढे नळ्या, रबरी झडपा आणि होल्डिंग टँक, म्हणजे मैलापाणी साठवायची टाकी. काही वर्षांत नळ्यांमधून वास झिरपू लागतो आणि आतून क्षार साचून त्या अरुंद होतात. एखादी झडप नेमकी भर समुद्रात अडकते, आणि मग ते सगळं हाताने उघडावं लागतं. कंपोस्टिंग टॉयलेटमध्ये यातलं काहीच नाही. तळाला भोक नाही, ही एकच गोष्ट माझ्यासाठी पुरेशी होती.

बदल्यात आपली घाण आपण डोळ्यांनी बघायची आणि हाताने वाहून न्यायची. घरातल्या एकालाही ते जमणार नसेल तर घेऊ नका. दर आठवड्याला सहा-सहा पाहुणे येणाऱ्या बोटीलाही हे मानवत नाही. मैला सुकायला वेळच मिळत नाही. एक-दोन माणसं, फार तर तीन, आणि बोटीवर सलग राहणं असेल तर मात्र याच्यासारखं दुसरं टॉयलेट नाही.

बसवताना

जागा मोजताना नुसत्या टॉयलेटची रुंदी-उंची मोजून भागत नाही. ढवळणीचं, म्हणजे टाकीतला मैला भुशात घोळवणाऱ्या दांडीचं, हँडल पूर्ण गोल फिरलं पाहिजे आणि झाकण मागे पूर्ण उघडलं पाहिजे. काही मॉडेलमध्ये बाटली काढायला वरचं अख्खं भांडं उचलावं लागतं, काहींत बाटली बाहेरूनच निघते. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा ठोकळा करून जागेवर ठेवा आणि त्यावर बसून बघा. हँडल भिंतीला आपटतंय हे पुठ्ठ्यावर कळलेलं बरं.

तोंड शक्यतो बोटीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे नाळेकडे (पुढच्या टोकाकडे) किंवा वरामाकडे (मागच्या टोकाकडे) ठेवा. टॉयलेट आडवं बसवलं तर बोट एका बाजूला कलली की भांडं मागे झुकतं आणि लघवी पुढच्या भोकांऐवजी थेट मैल्यात जाते. जागेअभावी आडवं बसवावंच लागलं, तर कोणत्या बाजूला कलल्यावर हे होतं ते लक्षात ठेवा आणि त्या वेळी लघवीसाठी वेगळी बाटली हाताशी ठेवा.

हवेची नळी साधारण ३८ मिलिमीटर व्यासाची असते. ती जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली. नळीतला छोटा १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकणारा हवा. उलटा बसला तर टॉयलेटमधली हवा केबिनमध्ये येईल. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी भांड्याच्या कडेला धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. दिवसरात्र चालून हा पंखा जेमतेम दोनेक अँपिअर-अवर वीज खातो, म्हणून वीज वाचवायला तो बंद करण्याचा मोह टाळा. त्याला स्वतंत्र छोटा फ्यूज द्या. बाथरूममध्ये दुसरा एक्झॉस्ट पंखा असेल तर दाराखाली फट ठेवा, नाहीतर तो जोरदार पंखा टॉयलेटच्या नळीतूनच हवा उलटी खेचतो. वासाचं कारण शोधून माणसं दमतात आणि दोष निघतो या दाराचा.

डेकवर नळीचं तोंड कॉकपिटपासून, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीपासून, आणि उघड्या झरोक्यांपासून दूर काढा. लाटेचं पाणी नळीतून उतरलं तर महिनाभराची मेहनत एका क्षणात चिखल होते. म्हणून तोंडावर टोपी हवीच, आणि आत नळीला एक उंच वळसा द्या. मोठ्या लाटांत जाताना ते तोंड झाकून टाकायचं, हे निघण्याआधीच्या कामांच्या यादीत लिहून ठेवा. नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावा, आणि टाकीत हवा शिरण्याचं दुसरं भोक असेल त्यालाही. जाळीचा उपयोग पुढे चिलटांच्या वेळी कळेल.

जुन्या टॉयलेटचा सी-कॉक नुसता बंद करून सोडू नका. त्यावर घट्ट टोपी बसवा आणि पुढच्या वेळी बोट पाण्याबाहेर निघाली की तो काढून भोक फायबरग्लासने कायमचं बुजवून घ्या.

भुसा किती ओला

नारळाच्या भुशाच्या दाबलेल्या विटा, म्हणजे कोकोपीट, बोटीवर सगळ्यात सोयीच्या. पीट मॉसही चालतं, पण ते जागा फार खातं. ६५० ग्रॅमची एक वीट फुगून टाकीचा तळ भरते, आणि एक वीट म्हणजे दोन माणसांचे तीन-चार आठवडे. दहा विटा एका छोट्या कप्प्यात मावतात आणि आठ-नऊ महिने पुरतात.

वेष्टनावर लिहिलेलं पाण्याचं प्रमाण रोपांसाठी असतं. टॉयलेटला त्याहून बरंच कमी लागतं. जाड प्लॅस्टिक पिशवीत वीट ठेवा, एक लिटर गोडं पाणी ओता, तोंड बांधून रात्रभर ठेवा. सकाळी पिशवीतच हाताने कुस्करा. गाठी राहिल्या तर अर्धा-अर्धा पेला पाणी वाढवत जा. मूठ आवळली की गोळा व्हावा, बोटाने ढोसला की विखरावा, आणि मुठीतून एक थेंबही पडू नये. दमट हवेत आणखी कोरडा ठेवा. समुद्राचं पाणी वापरू नका; मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि भुसा सुकतच नाही.

टाकीत भुसा ढवळणीची आडवी दांडी जेमतेम झाकेल इतकाच भरा. जास्त भरला तर पुढे मैल्याला जागा उरत नाही आणि हँडल आठवड्याभरात जड होतं.

रोजचा वापर

सगळ्यांनी बसूनच वापरायचं, पुरुषांनीसुद्धा. बोट हलत असताना उभ्याने लघवी केली तर ती मागच्या भागात जातेच, आणि भिंतींवरही. झडप नेहमी बंद. लघवीला बसताना किंचित पुढे झुकलं की धार बरोबर पुढच्या भोकांकडे जाते. बायकांना हे दोन दिवसांत जमतं. शौचाला बसल्यावर झडप उघडायची, उठण्याआधी बंद करायची, मग हँडलला दोन-तीन फेरे. नव्याने वापरणारे दिवसातून दहा वेळा ढवळतात. त्याने काही लाभ होत नाही, उलट सगळं मळल्यासारखं चिकट होतं. मैला भुशात घोळला की थांबायचं.

भांड्याला डाग लागू नये म्हणून कॉफी गाळायचा मोठा कागद आधी अंथरता येतो, तो मैल्यासकट खाली पडतो. टॉयलेट पेपर टाकीत टाकला तर चालतो असं सांगतात. माझं मत वेगळं आहे. कागद ढवळणीला गुंडाळतो आणि टाकी निम्म्या वेळात भरते. झाकणाच्या वेगळ्या डब्यात पिशवी लावून कागद तिथे टाका. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स आणि केससुद्धा तिथेच.

ज्यांना पाण्याने धुतल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी आधी कागद वापरावा आणि मग ओल्या कागदाने किंवा ओल्या कपड्याने पुसावं. पाण्यानेच धुवायचं तर वेगळ्या पसरट भांड्यावर, आणि ते पाणी मैलापाणी समजून लघवीबरोबर न्यायचं. धुण्याचं पाणी टाकीत जाऊ दिलंत तर आठवडाभरात चिखल होईल, यात शंका नाही.

भांडं पुसायला फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि थोडं व्हिनेगर. दोन फवारे, एक कागद, झालं. ब्लीच कधीही नाही. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो, व्हिनेगरशी मिसळलं तर क्लोरीन. बंद केबिनमध्ये दोन्ही जिवावर बेततात. पाहुण्यांनी चांगल्या मनाने जंतुनाशक ओतू नये म्हणून झाकणाच्या आत बाजूला तशी चिठ्ठीच लावा.

कुणाला जुलाब लागले तर प्रत्येक वेळी मूठभर कोरडा भुसा टाका. त्यासाठी एक वीट न भिजवता कुस्करून डब्यात ठेवलेली असावी. उलटी मात्र बादलीत. जुलाब दोन दिवसांहून जास्त चालले तर टाकी वेळेआधीच रिकामी करणं शहाणपणाचं.

लघवीची बाटली

सगळ्या त्रासाचं मूळ ही बाटली आहे. एक मोठा माणूस दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लघवी करतो. म्हणजे दोघांची सात-आठ लिटरची बाटली अडीच-तीन दिवसांत काठोकाठ. आमच्या पहिल्या लांबच्या प्रवासात पहाऱ्याच्या धांदलीत बाटली बघायची राहिली, ती रात्री भरून वाहिली, आणि पहाटे टाकीच्या तळाशी लघवीचं तळं झालेलं होतं. सगळा भुसा फेकावा लागला, तोही हलत्या बोटीवर. तेव्हापासून नियम एकच: बाटली भरली की नाही हे न बघता रोज ठरल्या वेळी, सकाळच्या चहाआधी, ती बदलायची. दुसरी बाटली आणि तिचं घट्ट झाकण हे चैनीचं सामान समजू नका.

बाटली रिकामी केल्यावर तळाशी थोडं व्हिनेगर किंवा चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड टाकून ठेवा. आम्लात युरिया हळू फुटतो, त्यामुळे वास कमी राहतो आणि क्षारांचा पिवळट थर जमत नाही. थर जमलाच तर गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालून रात्रभर ठेवा, सकाळी मूठभर बारीक खडे टाकून जोरात हलवा. लघवीच्या भोकांमधूनही महिन्यातून एकदा हेच पाणी सोडा. ती भोकं अर्धवट बुजली की लघवी साचते आणि बोट कलली की मागे सांडते.

आता ती ओतायची कुठे. लघवी म्हणजे मैलापाणी नव्हे, असं पुष्कळांना वाटतं. कायदा बहुधा तसं मानत नाही. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यात मानवी शरीरातून बाहेर पडणारं सगळंच मैलापाण्यात मोडतं, आणि किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेलं मैलापाणी सोडायला बंदी आहे. मार्पोल या जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातलं मैलापाण्याचं चौथं परिशिष्ट २००३ पासून लागू झालं. ते ४०० टनांच्या आणि त्यावरच्या, किंवा १५ हून जास्त माणसं नेणाऱ्या जहाजांसाठी आहे, आणि त्यात प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यासाठी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांची मर्यादा आहे. आपल्या छोट्या बोटी त्यात येत नसल्या तरी ज्या देशाच्या पाण्यात जाल तिथले नियम लागू होतात, आणि ते बदलत असतात. पोहोचण्याआधी वाचून घ्या.

कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. बंद खाडीत किंवा वीस बोटी नांगरलेल्या उथळ जागी रोज लघवी ओतली तर त्यातला नायट्रोजन शेवाळाला खतपाणी घालतो, आणि त्याच पाण्यात माणसं पोहत असतात. नांगर टाकलेला असताना बाटली बंद, अपारदर्शक कॅनमध्ये भरून छोट्या होडीतून किनाऱ्यावरच्या शौचालयात न्यायची. कामाची सवय लागली की त्यात लाज वाटत नाही.

टाकी रिकामी करणे

हँडल फिरवायला जड जाऊ लागलं की टाकी भरली. साठेक वेळा शौचाला वापर झाला की सहसा ही वेळ येते. दिवस कोरडा आणि बोट स्थिर असेल तो निवडा.

१. आदल्या संध्याकाळपासून शौचासाठी वापर बंद ठेवा, म्हणजे ताजा मैला नसेल आणि वरचा थर सुकलेला असेल.

२. नायट्राइलचे हातमोजे घाला. लघवीची बाटली आधी काढून झाकण लावा. हे विसरलात तर भांडं उचलताना ती सांडेल.

३. हवेची नळी आणि पंख्याची वायर सोडवा, वरचं भांडं काढून बाजूला ठेवा, टाकी पट्ट्यांतून मोकळी करून कॉकपिटमध्ये न्या.

४. जाड पिशवी टाकीच्या तोंडावर उलटी चढवा, दोन्ही घट्ट धरून टाकी पालथी करा आणि बुडावर थापटा. माल बरोबर सुकलेला असेल तर ओल्या मातीसारखा भुरभुर पडतो.

५. टाकी धुऊ नका. तळाशी चिकटलेला थोडा भुसा राहू द्या. गास्केटची, म्हणजे सांधा हवाबंद करणाऱ्या रबरी पट्टीची, कड मात्र पुसून घ्या, नवा भुसा भरा, सगळं परत जोडा आणि पंखा फिरतोय ना ते कानाने ऐका.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, हे सांगायला हवंच. सरावाने अर्ध्या तासात सगळं उरकतं.

पिशवीतला माल मातीसारखा दिसला तरी तो सुरक्षित नाही. जंतांची अंडी, विशेषतः अ‍ॅस्कॅरिसची, फार चिवट असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेगळा काढलेला मैला २० ते ३५ अंश तापमानात वर्षाहून जास्त, आणि २ ते २० अंशांत दीड ते दोन वर्षं साठवून ठेवावा लागतो. जागा असेल तर झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या, आतून जाळी लावलेल्या बादलीत माल लॉकरमध्ये मुरू द्या, बादलीवर तारीख लिहा. बोटीवर एवढी जागा क्वचितच असते. मग स्थानिक नियम परवानगी देत असतील तिथे दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात, लहान मुलांचे डायपर जातात तसाच. भाजीपाल्यावर तर नाहीच, बेटावरच्या झाडाखाली खड्डा करून पुरणंही नाही. छोट्या बेटांवर विहिरीचं पाणी फार खोल नसतं.

काहीतरी बिघडलंय हे नाक सांगतं

नीट चाललेल्या टॉयलेटला पावसानंतरच्या जंगलासारखा मातकट वास येतो. नाकात झोंबणारा अमोनिया आला तर लघवी टाकीत जातेय: भोकं तपासा, बसण्याची पद्धत तपासा, बाटली ओसंडलीय का बघा. सडक्या अंड्याचा वास आला तर माल फार ओला आहे. दोन-तीन मुठी कोरडा भुसा टाकून ढवळा, पंख्याच्या जाळीवरची धूळ झाडा आणि एक दिवस शौचासाठी दुसरी सोय करा. वास फक्त वारा विशिष्ट दिशेने असतानाच येत असेल तर नळीच्या तोंडातून हवा उलटी शिरतेय, तोंडाची दिशा बदला.

चिलटांचा मात्र धीराने पाठलाग करावा लागतो. ती बहुतेकदा भुशातूनच अंड्यांच्या रूपाने येतात, म्हणून वीट भिजवताना उकळतं पाणी वापरा आणि थंड झाल्यावरच टाकीत भरा. तरी आलीच तर उडणारी चिलटं मारून काही होत नाही, अळ्या खाली भुशात असतात. बीटीआय नावाने मिळणारे जिवाणू पाण्यात कालवून अगदी थोडे फवारले की अळ्या मरतात. वरून डायटोमेशियस अर्थ, म्हणजे किडे मारणारी एक बारीक खनिज पूड, भुरभुरवता येते, पण ती कोरडी असेपर्यंतच काम करते आणि उडवताना नाकाला फडकं बांधायला हवं. अंड्यापासून चिलट व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून उपाय महिनाभर सोडायचा नाही. फार माजली तर टाकी रिकामी करा, या एका वेळी ती धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि नव्याने सुरू करा.

सुटे भाग आणि बोट बंद करताना

खारट हवेत आधी मरतो तो पंखा. एक जादा पंखा बोटीवर असू द्या आणि जोडण्यांना ग्रीस लावा. दर तीन महिन्यांनी ढवळणीचे बोल्ट आणि पट्ट्या घट्ट करा, गास्केटवर बोट फिरवून चीर आहे का बघा, झडपेची बिजागरी पुसा. जादा गास्केट, दुसरी बाटली, हातमोजे आणि चार विटा एकाच डब्यात ठेवल्या की अडचण आल्यावर शोधाशोध होत नाही.

बोट काही महिन्यांसाठी सोडून जायची असेल तर टाकी अर्धवट भरलेली ठेवू नका. पूर्ण रिकामी करा, धुवा, उन्हात वाळवा. बाटली आणि भोकं सायट्रिक अ‍ॅसिडने साफ करून उपडी ठेवा. नळीचं बाहेरचं तोंड झाका, पंख्याचा फ्यूज काढा, झडप आणि झाकण दोन्ही उघडी राहू द्या. फ्यूज काढल्याची चिठ्ठी मात्र टॉयलेटवरच चिकटवा.